'द वायर'मध्ये डॅनियल्स भारी की कोल्विन? माणसं सोडा, खुर्च्या बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 'द वायर' ही बाल्टिमोरच्या पोलिसांवरची मालिका दुसऱ्यांदा बघताय, मित्रांच्या ग्रुपवर 'सर्वांत चांगला साहेब कोण' यावरून रोज जुंपते, निम्मे डॅनियल्सच्या बाजूचे तर निम्मे कोल्विनच्या, आणि मॅरिमो सर्वांत वाईट यावर मात्र एकमत. तर याचा निकाल लावायचा कसा?

(पाचही सीझनचं कथानक खाली उघड होणार आहे. पहिल्यांदा बघत असाल तर इथेच थांबा.)

माझा क्रम आधीच सांगून टाकतो. तपास पथक चालवणारा म्हणून डॅनियल्स पहिला. दुसरा रॉल्स, सुरुवातीला होमिसाइडचा म्हणजे खुनांच्या तपास विभागाचा साहेब, आणि यावर शिव्या पडणार हे माहीत आहे. कोल्विन तिसरा. मॅरिमो तळाला, पण त्याच्याबरोबर अ‍ॅशरला तळाला टाकू नका. आता कारणं.

अशा वादात बहुतेक जण स्वभावाची तुलना करतात: कोण सज्जन, कोणाचा आवाज भारदस्त, कोणी मेयरला उलट उत्तर दिलं. त्यातून काही निघत नाही, कारण प्रत्येकाचं काम वेगळं होतं. या मालिकेची गंमत अशी की एकाच खुर्चीवर तीन-तीन माणसं बसून जातात आणि खालची टीम जवळपास तीच राहते. त्यामुळे खुर्ची कायम ठेवून माणूस बदलला की काय बदललं, एवढंच तपासायचं.

त्याआधी हुद्दे. मालिकेतलं बाल्टिमोर पोलीस दल वरून खाली असं आहे: कमिशनर, डेप्युटी कमिशनर ऑपरेशन्स, कर्नल, मेजर, लेफ्टनंट, सार्जंट आणि मग बाकीचे. शहराचे नऊ डिस्ट्रिक्ट, प्रत्येकावर एक मेजर. आपल्या हिशेबात हा मेजर वरिष्ठ निरीक्षक आणि उपायुक्त यांच्या मधे कुठेतरी बसतो. लेफ्टनंटकडे एखादी शिफ्ट किंवा एखादं पथक असतं. कमिशनर मेयरच्या मर्जीवर, त्यामुळे निवडणूक जवळ आली की दाब वरून सुरू होऊन पायरीपायरीने खाली येतो. तो दाब कुठल्या पायरीवर अडतो आणि कोण तो जसाच्या तसा खाली ढकलतो, हे धरून पाहिलं तर निम्मी मालिका उलगडते.

हा दाब देण्याची जागा म्हणजे कॉमस्टॅट. ही पद्धत न्यूयॉर्क पोलिसांनी 1994 मध्ये बिल ब्रॅटन कमिशनर असताना सुरू केली आणि तिथून ती इतर शहरांत गेली. आपल्याकडच्या मासिक क्राइम मीटिंगसारखीच, फक्त आकडे भिंतीवरच्या पडद्यावर आणि मेजर समोर उभा. 'तुमच्या हद्दीत दरोडे का वाढले' याचं उत्तर तिथल्या तिथे द्यायचं. ज्याला ते जमत नाही तो आकडाच बदलतो: गंभीर मारहाणीची साधी मारहाण होते, जबरी चोरीची साधी चोरी. दखलपात्र गुन्ह्याची एनसी करून तक्रारदाराला वाटेला लावणं ज्यांनी पाहिलंय त्यांना ही युक्ती वेगळी समजावून सांगायला नको.

आता पहिली खुर्ची: मेजर क्राइम्स युनिट, म्हणजे फोन टॅप करणारं पथक. तुमच्या ग्रुपच्या वादाचा खरा निकाल इथेच लागतो. दुसऱ्या सीझनमध्ये मेजर व्हॅल्चेकची केस हातात घेताना डॅनियल्सने दलाचा वरचा साहेब बरेल याच्याशी सौदा केला की माणसं मी निवडणार आणि पुढे कायमस्वरूपी पथक मिळायला हवं. त्यातून हे युनिट उभं राहिलं. तिसऱ्या सीझनमध्ये त्यावर डॅनियल्स, चौथ्याच्या सुरुवातीला लेफ्टनंट अ‍ॅशर, त्यानंतर लेफ्टनंट मॅरिमो. फ्रीमन, ग्रेग्ज, सिडनर ही कामाची माणसं तीच.

या पथकाच्या साहेबाने नेमकं काय करायचं असतं? टॅपची परवानगी सहज मिळत नाही. पाळत, खबरी, बनावट गिऱ्हाईक हे सगळे साधे मार्ग वापरून झाले आणि कमी पडले, असं प्रतिज्ञापत्रावर दाखवावं लागतं. पहिल्या सीझनमध्ये ते सरकारी वकील पर्लमन तयार करते आणि जज फेलन सही करतो. आदेश तीस दिवसांचा, पुढे वाढवायचा तर पुन्हा कारणं द्यायची. फोन रस्त्यावरचा सार्वजनिक असल्यामुळे आपलाच माणूस बोलतोय हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ऐकायचं नाही. म्हणजे एक जण हेडफोन लावून खोलीत, दुसरा गच्चीवर दुर्बीण आणि वॉकीटॉकी घेऊन. बोलणं घरगुती निघालं तर ऐकणं बंद करायचं आणि तशी नोंद करायची. हे आठवडेच्या आठवडे, पाळ्या लावून. त्यात एक धाड पडली की समोरची टोळी फोन, कोड, जागा सगळं बदलते आणि तुम्ही पुन्हा शून्यावर.

म्हणून या खुर्चीवरच्या माणसाची मुख्य कामं दोनच: ओव्हरटाइमचे पैसे आणि माणसं मिळवत राहणं, आणि वरच्यांची 'टेबलावर माल दिसू दे' ही घाई अडवून धरणं. डॅनियल्स पहिल्या सीझनमध्ये दुसरं काम शिकत शिकत करतो. सुरुवातीचा डॅनियल्स बढतीकडे डोळे लावलेला आहे आणि बरेलने सांगितलं की मान डोलावतो. पैशांचा माग राजकारण्यांपर्यंत जायला लागल्यावर बरेल त्याच्या ईस्टर्न डिस्ट्रिक्टमधल्या जुन्या भानगडीची फाइल दाखवून धमकावतो, तेव्हा हा म्हणतो की काढा बाहेर. किंमतही मोजतो: दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला तो तळघरात मुद्देमाल सांभाळत बसलेला दिसतो.

अ‍ॅशर काहीच करत नाही. निवृत्तीनंतरच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या घरात त्याचा जीव अडकलाय, समोर आलेल्या कागदावर तो न वाचता सही करतो. पण वरून अजून कोणी विचारलेलं नाही आणि खाली फ्रीमन आहे, त्यामुळे पथक व्यवस्थित चालतं. इतकं की राजकारणी क्ले डेव्हिस आणि बिल्डर क्रॉझिक यांच्या नावाची समन्स ऐन प्रायमरीच्या, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीच्या, तोंडावर निघतात. वर भूकंप होतो आणि अ‍ॅशर जातो.

मॅरिमोला रॉल्स मुद्दाम आणतो, पथक मोडायलाच. मॅरिमो आळशी नाही, भ्रष्टही नाही. उलट कमालीचा कामसू आहे. त्याला टॅप म्हणजे वेळकाढूपणा वाटतो आणि ड्रग्ज टोळीचा म्होरक्या मार्लो याच्या जागांवर धाडी टाकून आकडा दाखवायचा असतो. तो आला की फ्रीमन आणि ग्रेग्ज होमिसाइडमध्ये जातात आणि मार्लोवरचा टॅप बंद पडतो. पण खरं नुकसान त्यापुढे आहे. सार्जंट हर्क मार्लोवर पाळत ठेवायला परवानगीशिवाय महागडा कॅमेरा लावतो आणि तो मार्लोच्या हाती लागतो. नवीन साहेबाची अशी दहशत की झालं ते सांगण्यापेक्षा हर्क खोटा खबरी कागदावर उभा करतो, मग कॅमेरा परत मिळवण्यासाठी धावाधाव करतो, आणि त्या गडबडीत लिटल केव्हिनच्या चौकशीत रँडी या शाळकरी पोराचं नाव त्याच्या तोंडून जातं. रँडीचं घर जाळलं जातं. चूक हर्कचीच, पण साहेबाला चूक सांगता येत नसली की ती वाढतच जाते, हे या साखळीत कडी-कडीने दिसतं.

इथे डॅनियल्सवाल्यांनाही एक टोमणा. तो खोटा खबरी, फझी डनलॉप, हर्क आणि कार्व्हरने जन्माला घातला दुसऱ्या सीझनमध्ये, टेनिस बॉलमध्ये लपवलेला मायक्रोफोन गाडीखाली चिरडला गेल्यावर त्याचे पैसे भरून काढायला. तेव्हा साहेब डॅनियल्सच होता. कागद त्याच्याही नाकाखालून गेला.

तर अ‍ॅशर आणि मॅरिमो यांत मी अ‍ॅशरला वर ठेवतो, पण फक्त याच टीमपुरतं. पहिल्या सीझनमधल्या हर्क, कार्व्हर, प्रेझ या त्रिकुटावर अ‍ॅशर बसवला असता तर पहिल्याच आठवड्यात गोळीबार झाला असता. खरं तर डॅनियल्स असतानाही जवळपास तेच झालं, आणि कोल्विनवाले नेमके हेच विसरतात. त्यांच्या हातातला सर्वांत भक्कम मुद्दा तोच आहे.

पहिल्या सीझनचा दुसरा भाग लावा. तिघं रात्री दोनच्या सुमारास दारू ढोसून टॉवर्सपाशी, म्हणजे सरकारी घरांच्या उंच इमारतींपाशी, जातात, आणि प्रेझ एका चौदा वर्षांच्या मुलाच्या तोंडावर पिस्तुलाचा दस्ता मारतो. मुलाचा एक डोळा जातो. डॅनियल्स येतो, प्रेझला बाजूला घेतो आणि जबाबात काय म्हणायचं ते पढवतो: तुला जिवाची भीती वाटली, असं सांग. चेहऱ्यावर किळस, आवाज खालचा, आणि तरी शब्द अगदी मोजून दिलेले. आपल्या माणसाला वाचवणारा साहेब म्हणून लोक या प्रसंगाला टाळ्या देतात. मुलाच्या बाजूने पाहिलं तर हा सरळसरळ पुरावा बिघडवणं आहे. डॅनियल्सला पहिला नंबर द्यायचा तर हे खात्यात मांडूनच द्यावा लागतो.

त्याची दुसरी बाजू अशी की त्यानंतर बंदूक नसलेला प्रेझ रस्त्यावर न जाता टेबलाशी बसतो. तिथे त्याला पेजरचा कोड सुटतो: कीपॅडवर प्रत्येक आकडा पाचवरून उडी मारून समोरच्या बाजूला जातो. एकचा नऊ, दोनचा आठ, तीनचा सात, चारचा सहा, आणि पाच-शून्याची अदलाबदल. त्याच्याशिवाय टॅपला अर्थच नव्हता. बिनकामाच्या माणसाला बसेल ती जागा शोधणं ही साहेबाची खरी कसोटी असेल, तर ती इथे पास आहे. डॅनियल्सने हे ठरवून केलं की गळ्यात पडलेल्याला कोपऱ्यात बसवलं आणि नशीब फळलं? मला दुसरं जास्त पटतं, कारण फ्रीमनलाही सुरुवातीला त्याने ओळखलेलं नव्हतं. तेरा वर्षं पॉन शॉप युनिटमध्ये, म्हणजे गहाणवटीच्या दुकानांवर नजर ठेवणाऱ्या पथकात, कुजवलेला, टेबलावर छोटं फर्निचर कोरत बसणारा माणूस एवढंच त्याला दिसलं होतं. पण ओळख पटल्यावर त्याने दोघांच्या कामात लुडबुड केली नाही, आणि ते श्रेय त्याचंच.

दुसरी खुर्ची वेस्टर्न डिस्ट्रिक्टची. इथे कोल्विन. तिसऱ्या सीझनच्या दुसऱ्या भागातलं त्याचं कागदी पिशवीचं भाषण सगळ्यांना पाठ असतं: दारूची बाटली पिशवीत लपवली की पोलीस तिकडे बघत नाही आणि खऱ्या कामाला मोकळा होतो, ड्रग्जसाठी अशी पिशवी कोणी काढलीच नाही. मग तो ती काढतो. ओसाड पडलेल्या तीन जागा ठरवून देतो, तिथे विक्रीला हात लावायचा नाही, बाहेर दिसलात तर सोडायचं नाही. ड्रग्ज विक्रीचे रस्त्यावरचे कोपरे मोकळे होतात, गुन्हे घटतात, म्हाताऱ्या बायका पायरीवर येऊन बसतात.

कल्पना म्हणून उत्तम. साहेबगिरी म्हणून त्यात काय काय फसतं ते पाहा. त्या जागांवर पाणी नाही, संडास नाही, सुया आणि आजार आहेत. हे त्याला बाहेरचा माणूस, डीकन, दाखवून देतो, तेव्हा आरोग्यवाल्यांना आणलं जातं. धंदा एका जागी गोळा झाल्यावर पहारा देणाऱ्या पोरांची गरजच संपते आणि पंधरा-वीस पोरं बेकार फिरायला लागतात. मग कार्व्हर विक्रेत्यांकडून वर्गणी काढून त्यांची सोय लावतो. आत खून पडतो तेव्हा हाताखालचे प्रेत हलवून हद्दीबाहेर टाकतात. कारण साहेबाचा प्रयोग वाचवायचा तर काय चालतं आणि काय नाही, हे कोणी सांगितलेलंच नाही. आणि शेवटी पेपरवाल्याला फोन करतो तो हर्क, म्हणजे आपलाच माणूस. ज्याला कायदा मोडायला लावताय त्याला 'का' हे पटवावं लागतं. कोल्विनने हजेरीच्या वेळी हुकूम सुनावला, लोकांनी साहेबाचं डोकं फिरलंय असं मानून तो पाळला. फटका सगळ्यांना बसला: त्याला मेजरच्या ऐवजी लेफ्टनंटच्या पेन्शनवर जावं लागलं, ठरलेली नोकरी गेली, डिस्ट्रिक्टला मागे काहीच उरलं नाही. तोच प्रयोग त्याच्यानंतर एक आठवडाही टिकला नाही, यातच तुलनेचं उत्तर आहे.

त्याच खुर्चीवर पुढे डॅनियल्स येतो, पण तो काळ फार थोडा दाखवलाय आणि लगेच त्याला वर उचललं जातं, त्यामुळे त्यावरून निकाल काढू नका. (तिथला लेफ्टनंट मेलो मात्र नीट पाहा. ती भूमिका करणारे जे लँड्समन हे बाल्टिमोरचे खरे पोलीस डिटेक्टिव्ह होते. त्यांच्याच नावाचा सार्जंट मालिकेत आहे, पण तो डिलेनी विल्यम्सने केलाय. ग्रुपवर या दोघांची दर वेळी गल्लत होते.)

कोल्विनच्या खात्यात मोठी जमा एकच, आणि तिचं नाव कार्व्हर. या वादात कोणी कार्व्हरचा माग काढत नाही याचं मला नवल वाटतं. पहिल्या सीझनमध्ये तो बरेलचा खबऱ्या आहे, डॅनियल्सच्या पथकातल्या गोष्टी वर पोचवतो आणि त्याच्या बदल्यात सार्जंट होतो. डॅनियल्सला हे कळतं, तरी दुसऱ्या सीझनमध्ये तो त्याला परत घेतो. तिसऱ्यात कोल्विन त्याला समोर बसवून सांगतो की तू सैनिक चांगला असशील पण पोलीस नाहीस, कारण तुझ्या बीटवर तू कोणाला ओळखत नाहीस. चौथ्यात हाच कार्व्हर कोपऱ्यावरच्या पोरांना नावानिशी ओळखतो. पाचव्यात तो आपल्याच पोलिसाची, कोलिकियोची, तक्रार वर करतो. आणि डॅनियल्स कमिशनरपद सोडण्याआधी त्याला लेफ्टनंट करतो. एकाने संधी दिली, दुसऱ्याने काम शिकवलं. कोल्विनला तिसरा ठेवताना माझा हात थोडा अडखळतो तो इथेच.

आता रॉल्स. तो खडूस आहे, सूड उगवतो, डिटेक्टिव्ह मॅकनल्टीला शिक्षा म्हणून बंदरातल्या गस्ती बोटीवर पाठवतो, मॅरिमोला आणून चांगलं पथक मोडतो. ही वजाबाकी करूनही तो दुसरा. कारण आकड्यांच्या खेळात त्याला नेमकं कळतं की कुठला दगड कोणाच्या डोक्यावर पडणार.

दुसऱ्या सीझनमध्ये कंटेनरमध्ये तेरा मुली मेलेल्या सापडतात आणि एक पाण्यात. मॅकनल्टी भरती-ओहोटी आणि वाऱ्याचा हिशेब मांडून ते सगळं शहराच्या हद्दीत ढकलतो, निव्वळ रॉल्सला त्रास द्यायला. रॉल्स इतका का पेटतो ते गणिताने बघा. त्या वर्षांत बाल्टिमोरमध्ये वर्षाला अडीचशेच्या पुढे खून होत. समजा 250 खून आणि 125 उघडकीस आले, तर प्रमाण 50 टक्के. त्यात न उलगडणारे 14 घाला: 264 पैकी 125, म्हणजे साधारण 47. एका रात्रीत तीन टक्के गेले, आणि कॉमस्टॅटमध्ये उभं राहायचंय त्यालाच. तरी तो काय करतो? ते खून डिटेक्टिव्ह बंक आणि फ्रीमनकडे देतो, म्हणजे जे सोडवू शकतील अशांकडे. पुढे डॅनियल्स 'हे चौदा मी घेतो, मला मॅकनल्टी द्या' म्हणतो तेव्हा दात ओठ खात सौदा करतो.

याच्या शेजारी होमिसाइडचा सार्जंट लँड्समन ठेवून बघा. चौथ्या सीझनच्या शेवटी फ्रीमन म्हणतो की खिळे ठोकलेल्या ओसाड घरांत प्रेतं आहेत, आणि लँड्समन म्हणतो की वर्ष संपायला तीन आठवडे उरलेत, आपलं प्रमाण पन्नासच्या खाली आहे, दारं उघडू नकोस. आकड्याची भीती दोघांनाही सारखीच, पण लँड्समनने प्रेतं सापडूच दिली नसती.

आणि ग्रेग्जला गोळ्या लागतात ती रात्र. पहिल्या सीझनचा अकरावा भाग. घटनास्थळी बघ्या अधिकाऱ्यांची झुंबड उडालीय, पुरावा पायाखाली जातोय. रॉल्स येतो, ज्याचं इथे काम नाही त्याने निघा म्हणतो, दोन मिनिटांत जागा मोकळी होते. मग हॉस्पिटलमध्ये मॅकनल्टीसमोर बसतो. आधी आईमाईवरून म्हणावं इतकं शिवीगाळीचं स्वागत, आणि लगेच: माझा तुझ्यावर राग आहे, पण हे तुझ्यामुळे झालेलं नाही, तुझी चूक असती तर ती सांगायला माझ्याइतका आनंद कोणाला झाला नसता. तिथे आपल्या सज्जन साहेबांपैकी कोणीच असलं काही बोललेलं नाही.

डॅनियल्सचा राजीनामा हा त्याच्या थोरपणाचा पुरावा म्हणून दिला जातो, तो मी गुणांत धरत नाही. आकडे फिरवायला नकार दिला हे खरं, पण ईस्टर्नमधली जुनी फाइल राजकारणी नेरीसच्या हातात होती आणि ती बाहेर आली असती तर त्याची आधीची बायको मार्ला आणि प्रेयसी पर्लमन दोघींचं नुकसान होतं. तो निघून जातो आणि कमिशनरच्या खुर्चीवर व्हॅल्चेक बसतो, ज्याने चर्चच्या एका काचेच्या खिडकीवरून युनियनशी भांडून दुसऱ्या सीझनचा सगळा तपास सुरू केला होता. रॉल्स मेरीलँड राज्य पोलिसांचा प्रमुख होतो.

ग्रुपवर पुरावा म्हणून टाकायला चार गोष्टी पुरतात: पहिल्या सीझनचा दुसरा आणि अकरावा भाग, तिसऱ्याचा दुसरा, आणि चौथ्यात मॅरिमो आल्यापासून रँडीच्या घरापर्यंतचा हर्कचा धागा. शेवटचा धागा सलग बघायचा, मधले शाळेचे प्रसंग पुढे ढकलून, नाहीतर कॅमेऱ्याचा आणि आगीचा संबंध पुन्हा निसटतो.